चार स्क्रू, दोन पट्ट्या

पिस्तुलाचा जो भाग हाताला सतत लागतो, तोच नेमका सगळ्यांत सहज बदलता येतो. नळी, स्लाइड, चाप यांच्या वाटेला जायचे तर जाणकार गनस्मिथ लागतो. मुठीच्या दोन अंगांना बसवलेल्या लाकडी पट्ट्या मात्र चार स्क्रू फिरवले की हातात येतात. त्यामुळे अमेरिकेत या पट्ट्यांचा, म्हणजे ग्रिपचा, एक स्वतंत्र बाजारच उभा राहिला आहे. साधारण वीस डॉलरपासून सुरुवात होते, पन्नास-साठपर्यंत सर्वसामान्यांचा माल मिळतो आणि त्यापुढे हाताने कोरलेल्या पट्ट्या शंभराच्या वर कुठेही जातात. आपल्याला इथे पाहायचा आहे तो खालचा टप्पा. महागड्या पट्टीत कारागिराने लाकडाचा दोष आधीच हेरून तुकडा बाजूला टाकलेला असतो. स्वस्त पट्टीत तो दोष पाकिटातून थेट आपल्या घरी येतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशी पट्टी घेताना लाकडाची जात सर्वांत शेवटी पाहावी. आधी मापे, मग सुकवण, मग कापणी, आणि यातून पैसे उरले तर जात. दुकानदाराचा क्रम अर्थातच बरोबर उलटा असतो.

उदाहरण म्हणून एकच पिस्तूल घेऊ, ज्याच्यासाठी जगात सर्वाधिक प्रकारच्या लाकडी पट्ट्या मिळतात. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले आणि कोल्ट कंपनीने बनवलेले हे ४५ कॅलिबरचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. तेव्हापासून त्याला १९११ हेच नाव चिकटले. १९८५ मध्ये बेरेटाचे पिस्तूल येईपर्यंत ते सैन्याच्या कमरेला होते. सुरुवातीच्या पट्ट्या काळ्या अक्रोडाच्या. पृष्ठभागावर बारीक चौकटींची नक्षी, म्हणजे चेकरिंग, आणि प्रत्येक स्क्रूच्या भोवती शंकरपाळ्याच्या आकाराची एक कोरी जागा सोडलेली. ही जागा शोभेची वाटते, पण तिचा उपयोग आहे. छिद्राभोवतीचे लाकूड खोदून पातळ केले नाही की ते स्क्रूचा दाब सहन करते. आजही स्वस्तातल्या पट्ट्यांत हा ‘डबल डायमंड’ नमुना सर्वाधिक खपतो, आणि माझ्या मते तो योग्य कारणासाठी खपतो, जरी घेणाऱ्याला ते कारण माहीत नसले तरी.

अक्रोड हे त्या काळी युद्धाचेच लाकूड होते. बंदुकांचे दस्ते त्याचे, विमानांचे पंखेही त्याचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अमेरिकेतल्या बॉय स्काउटांना गावोगाव फिरून काळ्या अक्रोडाची झाडे शोधण्याच्या कामाला लावले होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने पिस्तुलाच्या मुठीवरून अक्रोड काढून तपकिरी प्लास्टिक बसवले. ते टिकाऊ होते, एकसारखे होते, पण दिसायला रटाळ. मग सैनिकांनी आपला मार्ग काढला. पडलेल्या विमानांच्या पारदर्शक प्लेक्सिग्लासच्या खिडक्या कापून त्यांनी स्वतःच पट्ट्या घासल्या आणि आत बायकोचा किंवा प्रेयसीचा फोटो ठेवला. ‘स्वीटहार्ट ग्रिप’ म्हणून या पट्ट्या आता संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत. स्वस्तात मूठ बदलण्याची याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही, जरी तीत लाकूड औषधालाही नसले तरी.

याच युद्धाने आजच्या स्वस्त पट्टीचा पायाही घातला. सैन्याला पिस्तुले इतकी हवी होती, की कोल्टखेरीज टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडला, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलला, बंदुका बनवणाऱ्या इथाकाला आणि शिलाई यंत्रांच्या सिंगरलाही कंत्राटे मिळाली. सिंगरने अवघी ५०० नग बनवली. ती आज लिलावात अफाट किमतीला जातात. या सगळ्यांचे भाग एकमेकांना बसलेच पाहिजेत, ही सैन्याची अट होती. त्यामुळे टाइपरायटरवाल्यांच्या पिस्तुलाची पट्टी कोल्टच्या पिस्तुलाला आणि कोल्टची यांना बसत असे. पेटंटाची मुदत कधीच संपली. आज फिलिपाइन्समध्ये, तुर्कस्तानात, ब्राझीलमध्ये याच आराखड्याच्या फ्रेम तयार होतात आणि बहुतेक जण तीच जुनी मापे पाळतात. इलिनॉयमधल्या कारखान्यात यंत्रावर कापलेली पट्टी मनिलाजवळ बनलेल्या पिस्तुलाला बसते. एकाच मापाचा माल हजारोंनी कापता येतो, म्हणून वीस-तीस डॉलरला देणे परवडते. ज्या पिस्तुलांची मापे दर दहा वर्षांनी बदलली, त्यांच्या मालकांना हे सुख नाही. आणि ग्लॉकसारख्या, मूठ आणि फ्रेम एकाच पॉलिमरमध्ये ओतलेल्या पिस्तुलांना तर पट्टी नावाची वस्तूच नाही.

मात्र ‘बहुतेक’ हा शब्द विसरायचा नाही.

पूर्ण लांबीच्या १९११ च्या पट्टीत दोन स्क्रूंच्या मध्यांमधले अंतर सुमारे ७८ मिलिमीटर असते. आखूड मुठीच्या, ‘ऑफिसर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात ते सुमारे ६८ मिलिमीटर. नळी आखूड आहे म्हणून मूठही आखूड असेल असे समजून चुकीचा जोड मागवणारे पुष्कळ. आखूड नळी आणि पूर्ण मूठ असलेली पिस्तुले भरपूर आहेत, तेव्हा पट्टी मागवताना नळी विसरावी आणि मुठीवर मोजपट्टी धरून दोन स्क्रूंमधले अंतर मोजावे. ब्राउनिंग कंपनीचे २२ कॅलिबरचे १९११ हे मूळ पिस्तुलाच्या ८५ टक्के आकाराचे आहे. फोटोत ते हुबेहूब तसेच दिसते आणि नेहमीची पट्टी त्याला काही केल्या बसत नाही. दोन रांगांत गोळ्या मावणाऱ्या रुंद मुठीच्या प्रकारांचेही तसेच.

दुसरे माप जाडीचे. नेहमीची पट्टी सुमारे ६ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ‘स्लिम’ पट्टी त्याहून दीड-दोन मिलिमीटरने पातळ. दोन्ही बाजू मिळून मुठीची रुंदी तीन-चार मिलिमीटरने उतरते. लहान हाताच्या माणसाला हा फरक लगेच कळतो, कारण चापावर बोटाचे पहिले पेर नीट पोचते. पण पातळ पट्टीला मूळचे बुश चालत नाहीत. बुश म्हणजे फ्रेममध्ये आट्यांनी घट्ट बसवलेली छोटी पोलादी नळकांडी, जिच्या पोटात पट्टीचा स्क्रू जातो. जाड पट्टीचे बुश पातळ पट्टीतून वर डोकावतात. त्यासाठी आखूड बुश आणि आखूड स्क्रू वेगळे घ्यावे लागतात, आणि तिथे स्वस्ताई संपते. स्वस्तात मूठ बदलायची असेल तर मूळच्याच जाडीची पट्टी घ्यावी.

आता डाव्या पट्टीकडे या, कारण या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट तिच्या वरच्या कडेला आहे. १९११ च्या डाव्या बाजूला, पट्टीच्या माथ्याशी, एक बारीक आडवी नळी फ्रेमला रिव्हेटने बसवलेली असते. तिला प्लंजर ट्यूब म्हणतात. तिच्यात एक स्प्रिंग आणि दोन छोट्या खिळ्या असतात. पुढची खिळी स्लाइड अडवणाऱ्या खटक्याला दाब देते, मागची अंगठ्याच्या सेफ्टीला जागेवर धरून ठेवते. रिव्हेट सैल झाली तर ही नळी फ्रेमपासून सुटून बाहेर येऊ पाहते. तिला तसे करू न देणे हे मूळ आराखड्यात डाव्या पट्टीचे काम आहे. पट्टीची वरची कड नळीच्या बाहेरच्या अंगाला बिलगून असते आणि नळीला जागेवर ठेवते. स्वस्त पट्टी कापणाऱ्याने ‘कुठल्याही पिस्तुलाला सहज बसावी’ म्हणून ही कड जास्तीची कोरली, की पट्टी सुंदर बसते आणि नळीला आधार उरत नाही. नळी हलली तर सेफ्टी नीट अडकत नाही. म्हणजे लाकडाच्या अर्ध्या मिलिमीटरवर पिस्तुलाची सुरक्षितता थोडीफार अवलंबून असते. तेव्हा पट्टी बसवल्यावर उजेडाकडे धरून नळी आणि लाकूड यांच्यामध्ये फट दिसते का, हे पाहावे. कागदाची घडी आरामात आत जात असेल तर ती पट्टी परत करावी.

उजव्या पट्टीची भानगड वेगळी. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना सेफ्टी असलेल्या काही पिस्तुलांत उजव्या बाजूच्या खटक्याला एक जीभ असते, ती पट्टीच्या खाली दाबून बसते. तेवढी खाच पट्टीत आतून कोरलेली हवी. अशी खाच असलेली पट्टी साध्या पिस्तुलालाही चालते. खाच नसलेली पट्टी मात्र अशा पिस्तुलाला चालत नाही. दोघांच्या किमतीत फारसा फरक नसतो, म्हणून खाचेची घेतलेली बरी.

मापांनंतर सुकवण. लाकूड कापल्यानंतरही हवेतले पाणी घेत-सोडत राहते. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारे आणि शिमग्यापर्यंत पुन्हा सुटणारे दार आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पट्टीच्या बाबतीत हे किती घडते, याचा हिशेब करता येतो. काळा अक्रोड ओला असताना आणि पूर्ण वाळल्यावर मोजला तर त्याची रुंदी, वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने, सुमारे ७.८ टक्क्यांनी घटते. खोडाच्या मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ही घट सुमारे ५.५ टक्के. लांबीच्या दिशेने ती जवळजवळ शून्य. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सहा टक्के ओलाव्यावर आलेली पट्टी लुइझियानाच्या दमट हवेत बारा टक्क्यांवर गेली, तर ३५ मिलिमीटर रुंदीत फरक पडतो सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही. पण वर पाहिलेली प्लंजर ट्यूबची फट अर्ध्या मिलिमीटरचीच असते, हे लक्षात घ्या.

ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे हे सगळे समोर पाहायला मिळाले. तो रविवारी रेंजवर जाणारा माणूस. त्याने एका विक्रेत्याकडून रोझवूड म्हणून पट्ट्या मागवल्या होत्या. पाकीट उघडल्याबरोबर तो म्हणाला, “अरे, फोटोत काय गडद दिसत होतं हे! आणि हे बघ, वरचा स्क्रू बसतो, तर खालचा बसत नाही.”

“लाकूड आक्रसलं असेल,” वहिनी म्हणाल्या.

पट्टीच्या रेषा मुठीच्या लांबीने धावत होत्या आणि दोन्ही छिद्रे त्याच रेषेवर होती. त्या दिशेला लाकूड आक्रसतच नाही. म्हणजे हवेची काही चूक नव्हती, ड्रिलची होती. मग आम्ही फ्रीजमधली काचेची फळी काढून ओट्यावर ठेवली आणि पट्टी आतल्या बाजूने तिच्यावर पालथी घातली. एका कोपऱ्यावर बोट टेकवले की समोरचा कोपरा उचलायचा. पट्टी आडव्या अंगाने वाकली होती. आतली बाजू पाहिली तर तिथे तेल, पॉलिश काहीच नव्हते, नुसते कोरडे लाकूड. बाहेरून चकचकीत आवरण आणि आतून उघडे, अशी पट्टी एका अंगाने पाणी पिते आणि वाकते. भावाने पट्ट्या परत पाठवल्या. विक्रेत्याने टपालखर्च कापून पैसे दिले.

काचेची ही परीक्षा फुकटात होते आणि पट्टी बसवण्याआधी प्रत्येकाने ती करावी. आतली बाजू कोरडी आढळली, पण पट्टी सपाट असली, तर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात आतूनही द्यावेत. एक सावधगिरी इथे सांगितलीच पाहिजे. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेला फडक्याचा बोळा तसाच कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. फडके उघड्यावर सपाट पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे.

आता, शेवटी, लाकडाची जात. बाजारात सर्वाधिक मान ‘कोकोबोलो’ला. मध्य अमेरिकेतले हे झाड आपल्या शिसवीचेच चुलतभावंड, एकाच डालबर्जिया कुळातले. नारिंगी-तपकिरी रंगात काळ्या रेघा, आणि कठीण इतके की काही विचारू नका. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची जांका नावाची एक पद्धत आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते त्यात पाहतात. काळ्या अक्रोडाला हा जोर सुमारे १,०१० पौंड लागतो. आपल्या सागवानाला १,०७० च्या आसपास. शिसवीला सुमारे २,४४० आणि कोकोबोलोला सुमारे २,९६०. एवढे आकडे वाचून वाटेल की कोकोबोलोच घ्यावे. पण पिस्तुलाच्या पट्टीवर कोणी गोळी रुतवत नाही. अक्रोडाने लाखो पिस्तुलांवर, चिखलात आणि पावसात, दोन पिढ्या काढल्या. तो पुरतो. तो हलका असतो, तेल चांगले पितो आणि चुकून आपटला तर कठीण लाकडापेक्षा कमी वेळा चिरतो. कोकोबोलो आणि शिसवी यांच्या अंगातच तेल असते. त्यावर जवसाचे तेल नीट सुकत नाही, चिकट राहते. शिवाय कोकोबोलोचा भुसा अनेकांच्या कातडीला सोसत नाही, अंगावर पुरळ उठते. कापणाऱ्याला त्याचा त्रास अधिक, पण पट्टी घरी कानसून बसवणाऱ्याने मास्क आणि हातमोजे घालावेत.

यात आपल्याकडचा एक धागा आहे. सह्याद्रीच्या जंगलातली शिसवी, जिची जुनी देवघरे आणि पाट अजून कोकणातल्या घरांत दिसतात, तीच जगात ‘इंडियन रोझवूड’ म्हणून गिटारींवर आणि पट्ट्यांवर जाते. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया कुळातल्या सगळ्या जाती साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. ब्राझिलियन रोझवूड त्याआधीच, १९९२ मध्ये, पहिल्या म्हणजे कडक परिशिष्टात गेले होते. २०१७ च्या या बदलाचा फटका सहारनपूरच्या शिसम हस्तकलेलाही बसला. वैयक्तिक वापराच्या लहान वस्तूंना नियमांत सवलती आहेत, पण ज्या विक्रेत्याचा माल दुसऱ्या देशातून येतो, त्याला ‘हे लाकूड नक्की कुठले’ असे विचारायला संकोच वाटू देऊ नये. वीस डॉलरला ‘अस्सल ब्राझिलियन रोझवूड’ म्हणणारा माणूस एकतर खोटे बोलतो किंवा त्याहून वाईट काहीतरी करतो.

प्रत्यक्षात स्वस्तातले बहुतेक ‘रोझवूड’ हे रोझवूड नसतेच. बर्चच्या पातळ पापुद्र्यांना लाल, काळा रंग देऊन, राळेत भिजवून, उष्णता आणि दाबाखाली एकत्र केलेले लॅमिनेट असते. ओळखायचे कसे? पट्टीच्या गोलाईवर पाहावे. खऱ्या लाकडात बारीक छिद्रांच्या तुटक रेषा लांबीने धावतात आणि एका पट्टीची नक्षी दुसरीसारखी नसते. लॅमिनेटमध्ये गोलाई कापली की पापुद्रे एकात एक वर्तुळांसारखे उघडे पडतात, अगदी समान अंतराने, आणि दोन्ही पट्ट्या सारख्या दिसतात. मला मात्र लॅमिनेटबद्दल तक्रार नाही. ते पाणी जवळजवळ पीत नाही, वाकत नाही, घामाने काळे पडत नाही, आणि वीस-तीस डॉलरच्या टप्प्यात माझी शिफारस त्याचीच राहील. तक्रार आहे ती त्यावर रोझवूडचे नाव चिकटवून विकणाऱ्यांबद्दल. अशा लॅमिनेटचा एक प्रसिद्ध कारखाना व्हरमाँटमधल्या रटलंडला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये तो आगीत जळाला आणि ग्रिप बनवणाऱ्यांपासून चाकू बनवणाऱ्यांपर्यंत अनेकांना नवा पुरवठादार शोधावा लागला.

नैसर्गिक लाकूडच हवे असेल, तर जातीपेक्षा रेषांची दिशा पाहावी. त्या मुठीच्या लांबीला समांतर असाव्यात. तिरप्या गेल्या असतील तर खालचा टोकदार कोपरा त्याच रेषेवर तुटतो. सालीजवळचे पांढरे लाकूड काठाला आले असेल तर ते वाईट दिसते.

चेकरिंगला भिंग लावावे. चांगल्या कापणीत प्रत्येक चौकट टोकदार असते आणि खाचांचा तळ स्वच्छ. इंचाला अठरा ते वीस ओळी पुरतात. स्वस्त यंत्रकामात टोके सपाट राहतात, मग हाताला पकड मिळत नाही. खाचांच्या तळाशी बारीक केसाळ तंतू उभे दिसले तर समजावे की लाकूड मऊ होते किंवा पुरते सुकलेले नव्हते. पण इथेही टोकाला जाऊ नये. दिवसभर कमरेला बाळगायच्या पिस्तुलावर फार धारदार चेकरिंग शर्टाच्या अस्तराला खाते. गुळगुळीत पट्टी दिसायला सुंदर असते आणि घामट हातातून निसटते. चकचकीत वार्निश तर त्याहून निसरडे.

बसवण्याबद्दल थोडेच. मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून अडकवावी, चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि बोटानेही पाहावे. मग स्क्रू. घरातला पाचरीसारख्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर या स्क्रूंच्या खाचेत नीट बसत नाही, घसरतो आणि नव्या लाकडावर ओरखडा काढतो. समांतर बाजूंचे पाते हवे. स्क्रू फिरवताना बुशही त्याच्यासकट फिरून बाहेर येऊ लागला, तर थांबावे. बुशचे बाहेरचे आटे फार बारीक असतात, एका इंचात ६० आणि फ्रेमची भिंत तिथे पातळ. वाकडा घातलेला बुश हे आटे खराब करतो, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये तर पार घालवतो. मग वीस डॉलरच्या पट्टीपायी गनस्मिथचे बिल भरावे लागते. पट्टी बुशवर दाबून बसवू नये. छिद्र घट्ट असेल तर आतून बारीक गोल कानस फिरवावी. स्क्रू हाताने येईल तेवढा घट्ट करावा आणि थांबावे. जास्त पिळला तर छिद्रापासून कडेपर्यंत, रेषेच्या दिशेने, चीर जाते. गोळीच्या धक्क्याने स्क्रू सैल होतात, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी डोक्याखाली रबरी कडी घालतात. स्क्रू आणखी पिळणे हा उपाय नाही.

नळी साफ करायचे रसायन पट्टीवर सांडू देऊ नये. अमोनिया असलेली काही द्रव्ये आवरण खातात, आणि तेल छिद्रातून आत मुरले की वर्षभरात स्क्रूभोवती काळा, मऊ डाग दिसतो. सफाईच्या वेळी पट्ट्या काढून बाजूला ठेवणे सोपे आहे.

हे सगळे सपाट पट्ट्यांबद्दल झाले. नेमबाजीच्या खेळातली लाकडी मूठ ही वेगळीच वस्तू आहे. ती संपूर्ण हाताभोवती कोरलेली असते, बोटांच्या जागा ठरलेल्या, तळहाताच्या खाली वर-खाली सरकणारा आधार. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या रेंजवर अशा मुठी मुलांच्या हातात अधिक दिसू लागल्या असाव्यात. इथे नियमही येतात. १० मीटर एअर पिस्तुलाचे वजन मुठीसकट १,५०० ग्रॅमच्या आत हवे आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये. तळहाताखालच्या आधाराचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही. अशा मुठी लहान, मध्यम, मोठ्या मापांत येतात आणि महाग असतात. पण इथे स्वस्ताईचा एक मार्ग खेळाडूंनीच काढलेला आहे. एक माप मोठी, जुनी मूठ घ्यायची, जिथे हात दुखतो तिथे कानसायचे आणि जिथे पोकळी राहते तिथे लाकडाची पुटी भरायची. बरे नेमबाज हे काम आठवड्यांवर आठवडे करतात. मूठ शेवटी ठिगळे लावल्यासारखी दिसते आणि त्याची कोणाला पर्वा नसते.

आणि जुन्या पट्ट्यांचे काय? १९११ घेणाऱ्या अनेकांकडे ते वडिलांचे किंवा आजोबांचे असते. तेव्हा काढलेल्या पट्ट्या, त्यांचे स्क्रू आणि बुश एका पिशवीत घालून, वर पिस्तुलाचा क्रमांक लिहून ठेवावेत. महायुद्धातल्या पिस्तुलावर त्या काळचीच पट्टी असेल तर संग्राहक त्याला अधिक किंमत देतात, मग ती पट्टी रटाळ तपकिरी प्लास्टिकची का असेना. नवी चकचकीत कोकोबोलोची पट्टी लावून जुनी कचऱ्यात टाकणाऱ्याने पट्टीपेक्षा कितीतरी जास्त पैसे फेकून दिलेले असतात.